हवल्लीतला लंपन कोण लिहील?

कुमारवयीन मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकाला मुलाखतीत तीन प्रश्न हमखास विचारले जातात: प्रेरणा कोणाची, लिहायला कधी बसता, आवडती पुस्तके कोणती. वेळ उरला तर विचारायचे प्रश्न अशीच त्यांची गणना होते. मला मात्र ते कळीचे वाटतात, कारण बारा ते सोळा या वयात जे मनापासून वाचले जाते त्यातूनच पुढच्या पिढीचा लेखक उभा राहतो. भा. रा. भागवतांचेच पाहा. ज्यूल व्हर्न हा त्यांचा जिव्हाळ्याचा लेखक. ‘चंद्रावर स्वारी’सारख्या रूपांतरांतून त्यांनी तो मराठी मुलांच्या हाती दिला. पण ते तिथेच थांबले नाहीत. व्हर्नच्या साहसाची ओढ त्यांनी फुरसुंगीच्या एका काटकुळ्या पोराच्या अंगात भरली, त्याला पुण्याच्या विद्याभवनात घातले, सायकलवर बसवले आणि फास्टर फेणे जन्माला आला. परदेशी पुस्तकाची आवड आणि आपल्या गल्लीतही गोष्ट घडू शकते हा विश्वास, या दोन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. कुवेतमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांना पहिली गोष्ट भरपूर मिळते. दुसरी मिळत नाही, आणि म्हणूनच आखाताची मराठी कुमारकादंबरी अजून आपल्याजवळ नाही.

कुवेतमधल्या हवल्लीत राहणाऱ्या पंधरा वर्षांच्या मराठी मुलीचे जग कसे असते? शाळेत इंग्रजी, बसमध्ये हिंदी आणि कानावर पडणारे मल्याळम, खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दूध आणायला गेल्यावर मोडकी अरबी, इमारतीच्या हारिसशी, म्हणजे रखवालदाराशी, खाणाखुणांची मिश्र बोली आणि दार उघडून आत आले की मराठी. जूनमध्ये पारा पन्नाशीला टेकतो आणि खेळायला मॉलशिवाय जागा उरत नाही. घरात इकाम्याच्या, म्हणजे निवास परवान्याच्या, नूतनीकरणाचा विषय निघाला की आईबाबांचा आवाज खाली येतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक असते. बारावी झाली की बहुतेक मुले शिकायला भारतात जातात. ज्या देशाला ती ‘आपला’ म्हणतात तिथे ती पाहुण्यासारखी वाढलेली असतात, आणि ज्या शहरात वाढली तिथे कायम राहण्याचा हक्क त्यांना कधीच नसतो. एवढे द्वंद्व जिच्या रोजच्या जगण्यात आहे, तिच्या हाती आपण इंग्रजीतला पर्सी जॅक्सन देतो आणि मराठी म्हणून पाठांतराचे श्लोक देतो. तिचे स्वतःचे आयुष्य छापील मराठीत तिला कुठेच भेटत नाही.

ही जागा गोष्टींना वांझ आहे असेही नाही. पॅलेस्टिनी लेखक गसान कनफानी १९५०च्या दशकात कुवेतमध्ये शाळामास्तर होता. इथल्या मोकळ्या संध्याकाळी त्याने रशियन साहित्य झपाटल्यासारखे वाचले आणि १९५८ साली ‘चोरलेला सदरा’ या कथेसाठी कुवेतमध्येच पुरस्कार मिळवला. पुढे १९६३मध्ये त्याने पाण्याच्या रिकाम्या टँकरमध्ये लपून कुवेतकडे निघालेल्या तिघांची कादंबरिका लिहिली. हवल्ली तर १९९०पूर्वी पॅलेस्टिनींची सर्वांत गजबजलेली वस्ती. आखाती युद्धानंतर त्यांतले बहुसंख्य निघून गेले. अलीकडचा सौद अल-सनौसी पाहा. कुवेती बाप आणि फिलिपिनो मोलकरीण आई यांच्या पोटी जन्मलेल्या तरुणावरील त्याच्या ‘बांबूचे खोड’ या कादंबरीला २०१३ साली आंतरराष्ट्रीय अरबी कादंबरी पुरस्कार मिळाला. दोन घरे असून एकही आपले नसणे, हाच तिचा विषय आहे. तो हवल्लीतल्या मराठी मुलीला आपल्याकडच्या कित्येक पुस्तकांपेक्षा जवळचा वाटेल.

यावर पहिला आक्षेप येतो तो वाचकसंख्येचा. आखातातली किती मराठी मुले देवनागरी सहज वाचतात? थोडी, हे मान्य. पण कनफानीने ‘छोटा कंदील’ ही गोष्ट लिहिली ती लमीस या आपल्या एका भाचीसाठी. ती आज जगभरची मुले वाचतात. प्रकाश नारायण संतांचा लंपन सीमाभागातल्या एका गावात आजीआजोबांकडे राहतो, कानडी हेलाचे मराठी बोलतो. बेळगाव कधी न पाहिलेल्या वाचकांनीही त्याला आपला मानला. कराडला भूशास्त्र शिकवणाऱ्या संतांच्या लंपनकथा साठच्या दशकात प्रथम छापून आल्या, ‘वनवास’ हे पुस्तक मात्र १९९४मध्ये आले. त्या कथा खास मुलांसाठी लिहिलेल्या नव्हत्या, तरी चौदा वर्षांच्या मुलाला त्या नेमक्या भिडतात. अस्सल स्थानिकतेने वाचक कमी होत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही माणसे तात्पुरती. नोकरी संपली की परत जाणार, मग त्यांचे साहित्य कशाला? ऑगस्ट १९९०मध्ये कुवेतमध्ये इराकी सैन्य शिरले तेव्हा अम्मानमार्गे सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. त्यांत शाळकरी मुले होती, अर्धवट राहिलेली इयत्ता होती, मागे सुटलेले मित्र होते. या एवढ्या मोठ्या घटनेवर मराठी मुलाच्या नजरेतून लिहिलेली, सर्वांच्या ओळखीची एखादी कादंबरी आपल्याला चटकन सांगता येते का? माणसे तात्पुरती असतात तेव्हाच लिहून ठेवण्याची निकड जास्त असते. मल्याळींनी हे ओळखले. बहारीनमध्ये दोन दशके राहिलेल्या बेन्यामिनने २००८मध्ये ‘आडुजीवितम’ ही कादंबरी लिहिली. अबू धाबीत वाढलेल्या दीपक उन्नीकृष्णनने ‘टेम्पररी पीपल’मध्ये या तात्पुरतेपणालाच विषय केले.

परक्या देशात इकाम्यावर राहून मोकळेपणे लिहिता येईल का, ही शंकाही रास्त आहे. अल-सनौसीसारख्या नागरिकाच्याही एका कादंबरीवर कुवेतमध्ये काही काळ बंदी होती. पण वाटा असतात. बेन्यामिनच्या ज्या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला २०१८चे जेसीबी पारितोषिक मिळाले, तिच्यातल्या शहराला त्याने नावच दिलेले नाही. शिवाय पंधराव्या वर्षीचे एकटेपण, मैत्रिणीचे अचानक देश सोडून जाणे, सुट्टीत गावी गेल्यावर चुलत भावंडांनी उच्चारावरून चिडवणे, यांना कोणता कायदा आडवा येतो?

म्हणून महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत जाहिरातींच्या मधे मुलांच्या दोन कविता छापून समाधान मानू नये. नववी-दहावीच्या मुलांना सलग गोष्ट लिहायला सांगावी. मराठीत अडले तिथे अरबी, हिंदी, इंग्रजी शब्द तसेच राहू द्यावेत, लंपनच्या मराठीत कानडी राहिली तशी. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांनी कुमारकादंबरीची हस्तलिखिते मागवताना आखाताचा वेगळा उल्लेख करावा. १९७१पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंक आता फोनवर वाचता येतात, म्हणजे हवल्लीत बसून मराठी वाचायला टपालाची वाट पाहावी लागत नाही. त्याच मासिकात तिथून पाठवलेली, तिथलीच एक कथा छापून यावी. पुढे कधी त्या मुलीला कोणी आवडते पुस्तक विचारले, तर त्या यादीत हवल्लीचे एक नाव असू शकेल.