विश्लेषण : ‘तीनशे दोन’ आता खुनाचे कलम नाही! मराठी रहस्यकथा लिहिणे का बदलतेय? त्यावर पोट भरते का?

‘तीनशे दोन लावीन,’ हा दम मराठी रहस्यकथेतल्या इन्स्पेक्टरने वर्षानुवर्षे दिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ झाले. नव्या संहितेतले कलम ३०२ हे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांसाठी आहे. दुसरीकडे ऑडिओबुक आणि वेबमालिकांमुळे गुन्हेकथेला नवे दरवाजे उघडले आहेत. पण ही कथा लिहिणाऱ्याचे घर तिच्यावर चालते का?

एकेकाळी हे लेखन इतके मोठे कसे झाले?

बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) म्हणजेच चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड ही त्यांची पात्रे घराघरांत पोहोचली. गुरुनाथ नाईक यांच्या नावावर बाराशेहून अधिक पुस्तके आहेत. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास अशी पात्रे उभी केली. या पुस्तकांचा मोठा आधार होता गल्लोगल्लीची भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये. पुस्तक छोटे, भाडे किरकोळ, वाचक एका बैठकीत ते संपवणार आणि दुसऱ्या दिवशी नवे मागणार. त्यामुळे लेखकाला सतत लिहीत राहावे लागे.

मग ही बाजारपेठ का आटली?

ज्या तासाभरात वाचक रहस्यकथा वाचत होता, तो तास टीव्हीने घेतला. दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ आले, १९९८ मध्ये ‘सीआयडी’ सुरू झाली. वाचनालये बंद पडू लागली, तसे पुस्तकांचे हुकमी गिऱ्हाईक गेले. अनेकदा पुस्तकाचे हक्क एकरकमी मोबदल्यात दिले जात. अशा व्यवहारात जुन्या पुस्तकांतून लेखकाला पुढे काही मिळत नसे. गुरुनाथ नाईक यांचे २०२१ मध्ये निधन झाले. बाराशे पुस्तके लिहिलेल्या या लेखकाची उतारवयातली आर्थिक विवंचना बातम्यांचा विषय झाली होती.

नव्या कायद्यांमुळे कथेत काय बदलते?

कलमांचे आकडे बदलले, एवढ्यावर भागत नाही. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. ती लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचेही चित्रीकरण आवश्यक आहे. म्हणजे इन्स्पेक्टरने एकट्याने खोलीत शिरून रुमालात पिस्तूल गुंडाळून आणण्याचा प्रसंग आता बचाव पक्षाच्या वकिलाला आयती संधी देणारा ठरेल.

काही नियम मात्र जुनेच आहेत. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध चालत नाही. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होते, आता साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. दोन थपडा खाऊन आरोपी ‘होय, मीच मारले’ म्हणाला की खटला जिंकला, असे होत नाही. त्याने दाखवलेल्या जागेवरून हत्यार सापडले, तर त्या माहितीपुरता भाग चालतो. खरी कथा तिथे सुरू होते. आणखी एक : गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वी घडलेला असेल तर जुनीच दंड संहिता लागू होते. त्यामुळे लेखकाने कथेतली तारीख आधी ठरवावी.

नवी मुंबईत कथा घडवायची तर?

‘मृतदेह नाही तर खून नाही’ हा कथांमधला लाडका समज पनवेलच्या सत्र न्यायालयातल्या निकालाने खोटा ठरवला. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल २०१६ पासून बेपत्ता होत्या. मृतदेह सापडला नाही, तरी एप्रिल २०२५ मध्ये मुख्य आरोपी असलेल्या पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप झाली. परिस्थितीजन्य पुराव्यांची साखळी पूर्ण असेल तर शिक्षा होऊ शकते.

भूगोलही नेमका हवा. पोलीस आयुक्तालय एक, पण जिल्हे दोन : वाशी, नेरूळ, बेलापूर ठाण्यात, तर खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. वाशी खाडीपुलाच्या पलीकडे मुंबई पोलिसांची हद्द. ‘आमच्या हद्दीत नाही’ हा संवाद लिहिण्यापूर्वी कलम १७३ पाहावे. गुन्हा कुठेही घडलेला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते.

पुस्तकातून किती मिळते?

एक ढोबळ हिशेब. समजा किंमत ३०० रुपये, मानधन १० टक्के आणि हजार प्रती खपल्या. लेखकाच्या हाती आले ३० हजार. लेखनाला सहा महिने लागले असतील तर महिन्याला पाच हजार. नवी मुंबईत एवढ्यात खोलीचे भाडेही सुटणार नाही.

मग करारात काय पाहावे?

स्वामित्व हक्क कायदा, १९५७ लेखकाच्या बाजूने बरेच बोलतो. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी हवे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो फक्त भारत धरला जातो. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, करारावेळी अस्तित्वात किंवा व्यावसायिक वापरात नसलेल्या माध्यमाचे हक्क त्यात आपोआप जात नाहीत. त्या माध्यमाचा करारात नेमका उल्लेख असावा लागतो. म्हणून छापील पुस्तक, ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद आणि चित्रपट-वेबमालिका यांचे हक्क वेगवेगळे द्यावेत. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमे, कायमचे’ अशी ओळ दिसली की थांबावे.

पुस्तकाचे आयुष्य लेखकापेक्षा मोठे असू शकते. शिरवळकर २००३ मध्ये गेले. रहस्यकथा नसलेल्या त्यांच्या ‘दुनियादारी’वरचा चित्रपट २०१३ मध्ये आला. हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतात. त्याचा फायदा कोणाला, हे करारावरच ठरते.

पूर्णवेळ लेखक होता येईल?

फक्त छापील पुस्तकांवर, फार थोड्यांना. पुस्तकासोबत ऑडिओमालिका आणि पटकथा लिहिणाऱ्याला शक्यता अधिक. नोकरी लगेच सोडू नये. अर्नाळकर-नाईकांच्या पिढीने भरपूर लिहून वाचक मिळवला. आजच्या लेखकाला तेवढे लिहिणे जमणार नाही. पण लिहिलेल्या प्रत्येक कथेचे हक्क स्वतःकडे राखणे त्याला जमू शकते.