छेदाचा दोष

आमच्या बंड्याचा पुढचा उजवा पाय डॉक्टरांनी खांद्यापासून काढला, त्याला आता नऊ महिने झाले. मुधोळ जातीचा, उंचापुरा, आठ वर्षांचा कुत्रा. हाडाचा कॅन्सर होता. या नऊ महिन्यांत हिंडलग्यात, बेळगावात आणि माहेरी निपाणीत मला पुष्कळ सल्ले मिळाले. त्यांतले तीन पुन्हा पुन्हा कानांवर आले. पहिला, पाय कापणं म्हणजे छेद, जैनाच्या घरात हे व्हायला नको होतं. दुसरा, त्याचं कर्म त्याला भोगू द्यावं, आपण मध्ये कशाला पडायचं? आणि तिसरा, कुत्र्यावर एवढा पैसा?

बोलणारी माणसं वाईट नाहीत. मुंगीला साखर घालणारी, पाणी गाळून पिणारी, माझ्याच नात्यागोत्यातली आहेत. म्हणूनच गप्प बसणं बरं नव्हे.

आधी छेदाचं बघू. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. प्राण्याला बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, पेलणार नाही एवढं ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. आमच्या स्वाध्यायातल्या एका काकांनी त्यांतला तिसरा नेमका उचलून माझ्यापुढे ठेवला. मग बाकीचे चार कुठे गेले, काका? गळीत हंगामात कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या आपण रोज बघतो. चढावर बैलाच्या तोंडाला फेस येतो. तो अतिभार नव्हे का? बंगल्याच्या फाटकाशी दोन हात साखळीला दिवसभर बांधलेला राखणीचा कुत्रा, तो बंध नव्हे का? रुबाब दिसावा म्हणून डॉबरमनच्या पिल्लाचे कान आणि शेपूट कापतात, तो खरा छेद. त्या घरी कुणी जाब विचारायला गेल्याचं मी तरी ऐकलं नाही.

त्याच अध्यायात हिंसेचं मूळ कुठे आहे तेही सांगितलंय. ते प्रमादात आहे. सुरी कसायाच्या हातात असते तशी सर्जनच्याही हातात असते. दोघांना एका मापानं मोजणारा माणूस ग्रंथ वाचत नाही, नुसती पानं उलटतो.

हे दुखणं काय असतं तेही जाणून घ्या. हा कॅन्सर बहुतेक मोठ्या, उंच कुत्र्यांना होतो. पुढच्या पायात मनगटाजवळ किंवा खांद्याजवळ जास्त. हाड आतून पोखरत जातं आणि एखादे दिवशी साधी उडी मारल्यावर मोडतं. ती कळ साध्या गोळीला दाद देत नाही. दुखणारं हाडच काढलं की ती थांबते. कुत्र्याचं जवळजवळ साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, तरीही बहुतेक कुत्री थोड्याच दिवसांत तीन पायांवर चालू लागतात. पाय गेल्याची लाज त्यांना नसते, ती बघणाऱ्यांना वाटते.

पाय काढला म्हणून कॅन्सर गेला असं मात्र नाही. निदान होईपर्यंत बहुतेकांच्या फुप्फुसात एक्स-रेलाही न दिसणारे कण पोचलेले असतात. नुसता पाय काढला तर साधारण चार-पाच महिने मिळतात. पुढे शिरेतून केमोची औषधं दिली तर दहा-बारा महिने, आणि पाचांतला एखादा दोन वर्षं काढतो. डॉक्टरांनी हे सगळं आधीच सांगितलं होतं. आम्ही काही अमरपट्टा मागितला नव्हता. न दुखणारे महिने मागितले होते, ते मिळाले.

आता कर्माचं. शेजारची एक म्हणाली, "वैनी, मी तर म्हणतो, कानात णमोकार म्हणा आणि सोडून द्या की त्याला." जीवंधरकुमारानं मरणाऱ्या कुत्र्याला णमोकार मंत्र ऐकवला, ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली. पण तो कुत्रा लोकांनी मारून मारून वाचण्यापलीकडे नेलेला होता. ज्याला औषध आहे त्याला नुसता मंत्र ऐकवायला जीवंधरानं कुठे सांगितलंय? आपण बीपीची गोळी घेतो, मोतीबिंदू काढतो, गुडघे बदलून घेतो. तेव्हा कर्म आड येत नाही. मुक्या जिवाची पाळी आली की नेमकं आठवतं!

कुणी सल्लेखनेचंही नाव घेतलं. आचार्य शांतिसागर महाराज आपल्या भागातले, भोजचे. १९५५ साली कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली. स्वतः घेतली, जाणतेपणी, व्रत म्हणून. सल्लेखना दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. औषध बंद करून कुत्र्याला कोपऱ्यात टाकायचं आणि त्याला मोठं नाव द्यायचं, हा व्रताचाही अपमान आहे. दुखणं कशानंच थांबत नसेल तेव्हा काय करावं, हा अवघड प्रश्न आहे, आणि तिथे रडत निर्णय घेणाऱ्या कुणालाही मी बोल लावणार नाही. पण थांबवता येणारं दुखणं न थांबवणं, याला धर्म म्हणू नका.

बायकांनो, एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. निकाल ओसरीवर लागतो आणि निस्तरतं स्वयंपाकघर. घोटीव फरशीवर पाय घसरू नये म्हणून घरभर सतरंज्या आणि पोती अंथरायची. सुरुवातीला छातीखाली टॉवेलची झोळी धरून त्याला अंगणात न्यायचं. तीन पायांवर भार पडू नये म्हणून वजन वाढू द्यायचं नाही, म्हणजे नातवंडांच्या हातची बिस्किटं बंद. केमोनंतर काही दिवस लघवीतून औषध बाहेर पडतं, म्हणून हातमोजे घालून पुसायचं. या नऊ महिन्यांत सल्ला द्यायला माणसं पुष्कळ आली, टॉवेलचं दुसरं टोक धरायला एकही नाही.

राहिला पैसा. माझी माहेरची एक पाटली मोडली. ती माझी होती. पंचकल्याणकात सवाल चढत जातात तेव्हा कुणी म्हणत नाही, की एवढ्यात गरिबाच्या पोराचं शिक्षण झालं असतं. गरिबाचं पोर फक्त कुत्र्याच्या बिलाशीच का आठवावं?

आपले पूर्वज असे नव्हते. १८३२ साली मुंबईत सरकारी हुकमानं भटकी कुत्री मारायला सुरुवात झाली तेव्हा पारशी लोक उठले, आणि हिंदू-जैनही त्यांना येऊन मिळाले. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि आपले शेठ मोतीशा यांच्या पुढाकारानं मुंबईचं पांजरपोळ उभं राहिलं. दिल्लीत लाल मंदिराच्या आवारात आजही पक्ष्यांचा दवाखाना चालतो. आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत, आहार, औषध, शास्त्र आणि अभय. त्यातलं औषधदान फक्त माणसांसाठी, असं कुठेही लिहिलेलं नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना जननेंद्रियाजवळ रक्ताळलेली गाठ येते. आपण 'शी' म्हणून दगड उचलतो. तोही कॅन्सरच, एकाकडून दुसऱ्याला लागणारा. पण आठवड्याला एक अशी विंक्रिस्टीनची काही इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. हे औषध मुळात सदाफुलीतून काढतात. तीच सदाफुली, जी आपल्या प्रत्येकीच्या परसात फुलते. एका सवालाच्या पैशात अशी किती जनावरं बरी होतील?

म्हणून हिंडलग्यापासून निपाणीपर्यंतच्या बस्त्यांच्या पंचांना आणि महिला मंडळांना माझं सांगणं आहे. येत्या दशलक्षण पर्वात, उत्तम त्यागाच्या दिवशी, जनावरांच्या औषधाची एक वेगळी पेटी ठेवा. शेतकऱ्याचा बैल, रस्त्यावरची कुत्री, कुणाचं मांजर, ज्याला लागेल त्याला त्यातून द्या. मोडायला पाटली प्रत्येकीकडे असत नाही.