ठेव ज्याची त्याला

दौंड येथील एका व्यापारी कुटुंबाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. घरातील ४६ वर्षांच्या सुनेला अंडाशयाचा कर्करोग झाला. उपचारांबरोबरच डॉक्टरांच्या सल्ल्याने तिच्या रक्ताची जनुकीय तपासणी झाली आणि बीआरसीए-१ या जनुकात दोष आढळला. अहवालाचा लिफाफा घरी आला तो थेट दुकानाच्या तिजोरीत गेला. तिचे माहेर शिरूरचे. तेथे भावाचे कापडाचे दुकान असून त्याच्या थोरल्या मुलीसाठी स्थळे पाहणे चालू आहे. ‘आत्ता शिरूरला काही कळवू नये, सोयरीक अडेल,’ असे वडीलधाऱ्यांनी ठरविले. हेतू चांगला असला, तरी हा निर्णय नीट पारखून घ्यावयास हवा.

बीआरसीए-१ जनुकाचा शोध १९९४ मध्ये आणि बीआरसीए-२ चा १९९५ मध्ये लागला. पेशीतील आनुवंशिक द्रव्याची मोडतोड दुरुस्त करणे हे या जनुकांचे काम. त्यांत उपजत दोष असलेल्या स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता शेकडा ६० हून अधिक असते. बीआरसीए-१ मध्ये दोष असल्यास अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता शेकडा सुमारे ४० ते ६० असते. हा दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो, आणि पुढील प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे शिरूरचा भाऊ स्वतः धडधाकट असूनही हा दोष लेकीच्या पदरी घालू शकतो. त्यांची आत्या चाळिशीतच ‘पोटाच्या विकाराने’ गेली, एवढेच त्या घरास ठाऊक आहे. तो विकार कोणता असावा, याचा सुगावा दौंडच्या तिजोरीत पडून आहे.

‘असातावेदनीय कर्माचा उदय कोणास चुकला आहे? मग आधी कळून काय उपयोग?’ असे काही जण विचारतील. परंतु जैन धर्माने कर्म सांगितले, तसा पुरुषार्थही सांगितला आहे. दोष असल्याचे वेळीच कळले, तर पंचविशीपासून दरवर्षी स्तनांची एमआरआय व तिशीपासून मॅमोग्राफी करता येते. अंडाशयाचा कर्करोग आरंभीच पकडणारी भरवशाची चाचणी नाही. म्हणून बीआरसीए-१ चा दोष असलेल्या स्त्रीस, अपत्ये झाल्यावर, ३५ ते ४० या वयात अंडाशय व बीजवाहिन्या काढून घेण्याचा सल्ला दिला जातो. उलट ज्यांना दोष मिळालेला नाही, त्यांची व त्यांच्या मुलाबाळांची या दोषाच्या काळजीतून सुटका होते. मात्र त्यासाठी मूळ अहवालाची प्रत हवी. घरातील दोष नेमका कोणता हे माहीत असेल, तरच नातेवाइकांच्या तपासणीत तो शोधता येतो आणि ‘दोष नाही’ या उत्तरावर विसंबता येते.

सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘न्यासापहार’ आहे, तसेच ‘रहस्याभ्याख्यान’ही आहे. विश्वासाने ठेवलेली ठेव बुडविणे हा पहिला. दुसऱ्याचे गुपित उघड करणे हा दुसरा. व्यापारी घरांना ठेवीचे मोल सांगावे लागत नाही. या अहवालात शिरूरच्या भावंडांचा वाटा आहे. तो दडपणे हे न्यासापहाराच्या जवळ जाते. तोच अहवाल साऱ्या समाजात चर्चेला आणणे हे रहस्याभ्याख्यान होय. दोन्ही टाळणारी वाट अरुंद आहे, पण आहे.

सांगावे ते रुग्णाने स्वतः, किंवा त्याच्या संमतीने. डॉक्टर परस्पर नातेवाइकांना कळवीत नाहीत. प्रथम सख्खी भावंडे व सज्ञान मुले, त्यांच्यामार्फत चुलत भावंडे. प्रत्येकाशी समक्ष बोलावे. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर अहवाल टाकू नये. तपासणीचा आग्रह धरू नये, कारण न जाणण्याचाही अधिकार आहे. अठरा वर्षांखालील मुलांची ही तपासणी करू नये. अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असल्यास त्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक संस्थेत कर्करोग आनुवंशिकीचे स्वतंत्र क्लिनिक आहे. तेथे असे समुपदेशन मिळते.

राहिला सोयरिकीचा प्रश्न. आत्याचा अहवाल हा भाचीचा अहवाल नव्हे. ती सज्ञान आहे. तपासणी करावी की नाही, हे तिने ठरवावे. केली आणि दोष निघाला, तर भावी पतीस विवाहापूर्वी सांगावे. मांडवभर सांगण्याचे कारण नाही. एवढ्यावरून मोडणारे स्थळ पुढे आजारपणात कितपत साथ देईल, याचाही विचार वडीलधाऱ्यांनी करावा.

भाऊबीजेला शिरूरचा भाऊ दौंडला येईल. ओवाळून झाल्यावर बहिणीने त्याला आतल्या खोलीत बोलवावे आणि अहवालाची प्रत त्याच्या हाती द्यावी. तो क्षण दोघांनाही जड जाईल. पण पुढे लेकीच्या आजारपणात ‘ताई, तुला ठाऊक होते?’ असे त्याने विचारणे याहून फार जड असेल.