हरित पाटी आणि विजेचे बिल

अलीकडे काही विशेषणांना फार चांगले दिवस आले आहेत. 'हरित', 'शाश्वत' आणि 'पर्यावरणस्नेही' ही त्यांतली आघाडीची तीन. ती लावल्याखेरीज सदनिकांची जाहिरात पुरी होत नाही आणि एखाद्या संस्थेचा अहवालही छापला जात नाही. साहित्यसंस्थेच्या अंकात इमारतींचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्यावर माझे उत्तर असे की, शब्दाचा अर्थ कोणी आणि कशावरून ठरवावा हा प्रश्न आपल्याच अखत्यारीतला आहे. 'हरित इमारत' या शब्दाचा अर्थ गेल्या पाव शतकात काही मोजक्या संस्थांनी ठरवला. तो त्यांनी अपुरा ठरवला आणि त्या अपुरेपणाची किंमत आपली शहरे मोजीत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम या संस्थांचा अल्प परिचय. भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकाराने २००१ साली 'इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल' स्थापन झाली. हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज केंद्राच्या इमारतीला २००३ मध्ये अमेरिकन 'लीड' पद्धतीतील सर्वोच्च, म्हणजे प्लॅटिनम, मानांकन मिळाले आणि त्या घटनेने आपल्याकडे या चळवळीला तोंड फुटले. पुढे 'टेरी' ही संस्था आणि केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून 'गृह' ही भारतीय मानांकनपद्धती उभी केली. ती एक ते पाच तारे देते. २००७ सालीच ऊर्जा दक्षता ब्युरोने मोठ्या व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता काढली. या संस्थांनी काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. भिंतीतून किती उष्णता आत येते, एका मजल्याला किती वीज लागते, पावसाचे पाणी कोठे जाते, हे प्रश्न त्यांच्यामुळेच वास्तुविशारदांच्या मेजावर आले. माझा आक्षेप त्यानंतरच्या कारभाराला आहे.

पहिला आक्षेप मोजमापाच्या वेळेविषयी आहे. मानांकनातले बरेचसे गुण नकाशा, गणिती प्रतिरूप आणि बांधकाम पूर्ण होण्याच्या सुमारास सादर केलेली कागदपत्रे यांवर मिळतात. इमारत अमुक इतकी वीज वाचवील, असे भाकीत केले जाते आणि त्या भाकिताला पदक दिले जाते. पुढे माणसे राहायला येतात, वातानुकूलन यंत्रे अठरा अंशांवर लावतात, सांडपाणी शुद्ध करणारे संयंत्र चालवणे महाग पडते म्हणून ते बंद ठेवतात. संगमरवरी पाटी मात्र प्रवेशद्वारावर तशीच झळकत राहते. मुदत संपल्यावर मानांकनाचे नूतनीकरण करावे अशी तरतूद आहे, पण ते केले नाही म्हणून पाटी उतरवली गेल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. शासकीय सेवेत राहिलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. पूर्णत्वाचा दाखला निघाला की नस्ती बंद होते आणि बंद झालेली नस्ती सहसा पुन्हा उघडत नाही. सरकारी कार्यालयाचा हा दोष या संस्थांनी जसाच्या तसा उचलला आहे.

दुसरा आक्षेप पाडकामाविषयी आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. जुने पलासिया आणि नवे पलासिया या आमच्या भागांत रुंद ओसरीची, उंच छताची, अंगणात कडुनिंब असलेली घरे होती. काही अद्याप आहेत. ती एकामागून एक पडत आहेत आणि त्यांच्या जागी काचेची दर्शनी भिंत असलेल्या बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. जुन्या घराच्या विटा, चुना, लाकूड आणि दगड यांत एकदा ऊर्जा खर्च झालेली असते. घर पाडले की ती मातीमोल होते आणि नव्या सिमेंट-पोलादासाठी पुन्हा तेवढीच, किंबहुना कितीतरी अधिक, ऊर्जा जाळावी लागते. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंट उद्योगाचा आहे. जुनी वास्तू टिकवली तर मानांकनपद्धतीत थोडे गुण मिळतात, हे खरे. पण धडधाकट घर पाडले म्हणून कोणाचा तारा कापला जात नाही. परिणामी, आपल्या जागी उभे असलेले आणि पंख्यावर निभावणारे घर 'साधे' ठरते, आणि ते पाडून उभारलेली इमारत 'हरित' ठरते! भाषेची याहून मोठी थट्टा कोणती?

माळव्याचे पठार सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. येथील उन्हाळा कोरडा. दुपार तापते आणि रात्र निवते. 'शब-ए-मालवा' हा लौकिक त्या निवलेल्या रात्रीचाच. जाड भिंत दिवसाची उष्णता अडवून धरते आणि रात्री उघडलेल्या खिडक्यांतून ती बाहेर पडते. ओसरी भिंतीवर ऊन येऊ देत नाही. चौक गरम हवेला वर वाट देतो. हे शास्त्र येथील गवंड्याला कोणत्याही पुस्तकाविना अवगत होते. थंड देशांत प्रकाशासाठी वापरली जाणारी काच आपण तापलेल्या पश्चिमेला लावायची, मग आत आलेले ऊन यंत्राने बाहेर काढायचे, आणि ते यंत्र पंचतारांकित आहे म्हणून गुण घ्यायचे, हा उफराटा व्यवहार आहे.

तिसरा मुद्दा लाभाचा. अनेक राज्यांत मानांकित इमारतींना वाढीव चटईक्षेत्र मिळते. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत मानांकनाच्या पातळीनुसार ३, ५ आणि ७ टक्क्यांची अशी वाढ आहे. चटईक्षेत्र ही सार्वजनिक संपत्ती आहे. त्याचा भार रस्त्यावर, पाण्यावर आणि शेजाऱ्याच्या उजेडावर पडतो. कमी संसाधने वापरण्याचे बक्षीस म्हणून अधिक बांधकामाची परवानगी द्यावी, हा तर्क मला तरी उमगलेला नाही. शिवाय बक्षीस कायमचे, आणि पात्रतेची परीक्षा एकदाच.

यावर कोणी म्हणेल, टीका सोपी असते, पर्याय दाखवा. पर्याय इंदूरच्याच मातीत आहेत. पॅट्रिक गेडीस होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून येथे आले आणि १९१८ मध्ये त्यांचा दोन खंडांतील अहवाल प्रसिद्ध झाला. प्लेगने गांजलेल्या या शहरात ते गल्लीबोळांतून पायी हिंडले. वस्त्या सरसकट पाडण्याऐवजी मोजकी पडकी घरे काढून हवा-उजेडाला वाट करावी, विहिरी आणि तळी बुजवू नयेत, केरकचरा व मैला बागांच्या कामी यावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या हातात कोणतीही गुणपत्रिका नव्हती.

दुसरे उदाहरण अरण्य वसाहतीचे. इंदूर विकास प्राधिकरणासाठी बाळकृष्ण दोशी यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने ८५ हेक्टरांवर साडेसहा हजारांच्या आसपास घरांची ही वसाहत आखली. गरीब कुटुंबाला भूखंड, जोते, नळ आणि शौचालय द्यायचे. पुढचे घर त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे. ठेंगणी, एकमेकांना खेटून असलेली घरे परस्परांवर सावली धरतात आणि अरुंद गल्ल्या दुपारीही वावरण्याजोग्या राहतात. १९९५ मध्ये या कामाला आगाखान पुरस्कार मिळाला, २०१८ मध्ये दोशींना प्रिट्झकर मिळाला. पण अरण्यच्या धर्तीवर पुढे किती वसाहती झाल्या, हे इंदूरकरांनी स्वतःलाच विचारावे.

तिसरे उदाहरण ऊर्जेचे. १९८५ पासून कार्यरत असलेल्या बरली संस्थेत आदिवासी तरुणींच्या प्रशिक्षणाबरोबर सूर्यचुलीवरचा स्वयंपाक रुजला. त्या कामाच्या सूत्रधार जनक पलटा मॅकगिलिगन यांनी पुढे सनावदिया गावी तोच वसा चालवला. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एखादी तरुणी सूर्यचुलीवर वरण शिजवायला शिकते तेव्हा निकाल त्याच दुपारी पातेल्यात दिसतो. तेथे भाकिताला पदक मिळण्याची सोय नाही.

आता प्रतिपक्षाचे दोन मुद्दे. एक, तारे आणि पदके नसती तर बांधकाम व्यावसायिकांनी या विषयाकडे पाहिलेच नसते. हे मला मान्य आहे. म्हणूनच मानांकन बंद करा, असे मी म्हणत नाही. ते वापराशी जोडा, एवढेच म्हणतो. दोन, प्रत्यक्ष वापर मोजणे व्यवहार्य नाही. हे मात्र साफ चुकीचे आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोने २००९ मध्येच कार्यालयीन इमारतींसाठी अशी योजना आणली. वर्षभरात दर चौरस मीटरला किती युनिट वीज लागली, यावर तीत तारे मिळतात. पद्धत तयार आहे. ती ऐच्छिक ठेवली गेली, इतकेच. सार्वजनिक हिशेबाला लोकांचा प्रतिसाद मिळतो, हेही इंदूरने पाहिले आहे. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर उपसून आणण्याचा विजेचा खर्च डोईजड झाला, म्हणून महापालिकेने २०२३ मध्ये ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे काढले, आणि त्यांना मागणीपेक्षा कितीतरी अधिक अर्ज आले. त्या रोख्यांचे यशही अखेर पंपांच्या बिलावरच मोजावे लागेल.

तेव्हा मागण्या तीन. मानांकित इमारतीने आपला वार्षिक वीज व पाणी वापर प्रवेशद्वारावरील पाटीखाली लिहावा आणि संस्थेने तो प्रसिद्ध करावा. सलग दोन वर्षे वापर भाकितापेक्षा बराच अधिक आला, तर मानांकन आणि त्यापोटी मिळालेली सवलत दोन्ही परत घ्यावीत. आणि सुस्थितीतील वास्तू पाडून उभारलेल्या इमारतीला, पाडकामाचा ऊर्जाहिशेब मांडल्याशिवाय, एकही तारा देऊ नये.

शेवटी शब्दांविषयी. 'शाश्वत' म्हणजे कधीही नाश न पावणारे. आपल्या परंपरेने हा शब्द मोठ्या जपणुकीने वापरला. विटा-चुन्याच्या घराला तो कोणी लावला नाही. इमारतीसाठी 'टिकाऊ' आणि 'काटकसरी' हे आपले दोन घरगुती शब्द पुरेसे आहेत. त्यांत आणखी एक सोय आहे. वस्तू टिकाऊ आहे की नाही हे काळ सांगतो आणि काटकसरी आहे की नाही हे बिल सांगते. या दोन साक्षीदारांना टाळून दिलेले कोणतेही प्रमाणपत्र आपण, निदान शब्दांची चाड असलेल्यांनी, ग्राह्य धरू नये.