विश्लेषण : खुब्याचे हाड मोडले, रॉड बरा की प्लेट?

आजी बाथरूममध्ये घसरून पडतात. एक्स-रेमध्ये खुब्याचे हाड मोडलेले दिसते आणि नातेवाइकांपुढे प्रश्न येतो : रॉड, प्लेट की कृत्रिम सांधा? महागडे इम्प्लांट म्हणजे चांगले, असा अनेकांचा समज असतो. संशोधन काय सांगते?

हाड नेमके कुठे मोडले?

निवड आधी यावर ठरते. मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याखालची ‘मान’ सांध्याच्या आवरणात असते. मान मोडून हाड सरकले, तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून वृद्धांमध्ये बहुधा गोळाच बदलतात. मानेच्या खाली, आवरणाबाहेर मोडलेले हाड जुळू शकते. तिथे प्लेट किंवा रॉड वापरतात.

प्लेट की रॉड?

‘डीएचएस’ प्लेट हाडावर बाहेरून बसते आणि तिचा जाड स्क्रू गोळ्यात जातो. ‘पीएफएन’ रॉड हाडाच्या पोकळीत बसतो. ‘कॉक्रेन’ने २०२२ मध्ये ७६ अभ्यासांतील सुमारे ११ हजार रुग्णांची माहिती तपासली. मृत्युदर आणि चालण्या-फिरण्याची क्षमता यांत फारसा फरक आढळला नाही. रॉडमध्ये जंतुसंसर्ग व हाड न जुळण्याचे प्रमाण कमी होते. मात्र इम्प्लांटलगतचे हाड पुन्हा मोडण्याचा धोका जास्त होता.

ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, नेहमीच्या फ्रॅक्चरला प्लेट-स्क्रूला प्राधान्य द्यावे. त्याहून खाली मांडीकडे गेलेल्या फ्रॅक्चरला रॉड वापरावा.

अर्धा सांधा की पूर्ण?

अर्ध्या सांध्यात फक्त गोळा बदलतात, पूर्ण सांध्यात वाटीही. पडण्यापूर्वी स्वतः चालणाऱ्या १,४९५ रुग्णांवरील ‘हेल्थ’ चाचणीत (२०१९) दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण ७.९ टक्के (पूर्ण) आणि ८.३ टक्के (अर्धा) होते, म्हणजे जवळपास सारखेच. अर्धा सांधा बोन सिमेंटने बसवल्यास रुग्णांचे जीवनमान थोडे बरे राहते आणि सांध्यालगत हाड मोडण्याचे प्रमाण कमी होते, असे ब्रिटनमधील २०२२ च्या चाचणीत दिसले.

डॉक्टरांना काय विचाराल?

फ्रॅक्चर कोणत्या प्रकारचे आहे? महागडे इम्प्लांट सुचवले असेल, तर याच रुग्णाला त्याचा फायदा काय? शस्त्रक्रिया कधी होणार? ‘नाइस’च्या मते ती दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावी आणि त्यानंतरच्या दिवसापासून रुग्णाला उभे करण्याचा प्रयत्न व्हावा. इम्प्लांटच्या पैशांची जुळवाजुळव करण्यात दिवस गेले, तर नुकसान रुग्णाचेच. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना न्यूमोनिया, पाठीच्या जखमा आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. घरी सोडताना हाडांच्या ठिसूळपणावरील उपचारांबद्दलही जरूर विचारा.