महिंद्रा आणि सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर

नांदेड-लातूर रस्त्यावर तासभर उभे राहा. बोलेरो, पिकअप, स्कॉर्पिओ, परत बोलेरो... आमच्या मराठवाड्यात महिंद्राला नावं ठेवणं म्हणजे पापच. तरी ठेवतोय!

2024-25 मध्ये महिंद्राने देशात साडेपाच लाख एसयूव्ही विकल्या. साधी कार? एकही नाही. रेनोबरोबर 2007 मध्ये लोगन आणली, चालली नाही. 2010 मध्ये रेनो बाहेर पडली, लोगनची व्हेरिटो झाली आणि तीही बंद पडली. आता या प्रकाराला सगळे 'फोकस' म्हणतात. आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात.

डिसेंबर 2015 आठवा. सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरात 2000 सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. मारुतीकडे विकायला अल्टो होती. महिंद्राची स्कॉर्पिओ अडकली, एक्सयूव्ही500 अडकली. जानेवारी 2016 मध्ये घाईघाईने 1.99 लिटरचं इंजिन आणलं. म्हणजे पॅच मारला, आर्किटेक्चर तेच! ऑगस्टमध्ये एक टक्का अधिभार लावून बंदी उठली म्हणून निभावलं.

पुढे पेट्रोल आलं, 2024 मध्ये इलेक्ट्रिक बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई आल्या. त्या पण एसयूव्हीच. सप्टेंबर 2025 पासून लहान गाडीला 18 टक्के जीएसटी, मोठीला 40. सेस गेल्यामुळे यावेळी मोठीचाही कर कमी झाला, पण ती रेघ सरकारच्या हातात आहे.

"ट्रॅक्टर आहेत की!" आहेत ना. पण ट्रॅक्टर आणि पिकअप दोघांचेही डोळे एकाच पावसाकडे.

"लोकांनाच एसयूव्ही हवी." सोयाबीनची पोती लातूरच्या आडतीवर न्यायला पिकअप लागते, मान्य. पण गंजगोलाईत किंवा वजिराबादेत भाजी आणायला स्कॉर्पिओ कशाला? तिथे लहान, दणकट, परवडणारी गाडी हवी, आणि ती बनवायची अक्कल या कंपनीकडे नक्की आहे.

अमेरिकेतही लोकांना मोठ्याच गाड्या हव्या होत्या. 2008 मध्ये पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं, मागून मंदी आली आणि ट्रक-एसयूव्हीवर जगणारी जनरल मोटर्स जून 2009 मध्ये दिवाळखोरीत गेली.

असा फटका बसला की शेअरवाले विकून मोकळे होतात. नाशिक-चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये कंत्राटावर असलेली आमच्याकडची पोरं कुठे जाणार? बॅकअप नसलेल्या सिस्टिमचं कौतुक निदान आपण इंजिनियरांनी तरी करू नये.