चार माणसांवरचा माणूस

पूर्वी आपल्या गावांतून माणूस बाहेर पडे तो बहुधा दुसऱ्याच्या हाताखाली राबण्यासाठी. आज ती स्थिती राहिलेली नाही. आपल्या ओळखीच्या कुटुंबांकडे नजर टाकली, तर कोणाचा मुलगा कारखान्यात मुकादम झालेला दिसतो, कोणाची मुलगी रुग्णालयात मुख्य परिचारिका आहे, कोणी स्वतःची बेकरी चालवितो, कोणी गवंड्यांची टोळी घेऊन घरे बांधतो, तर कोणी दूध सोसायटीचा चिटणीस आहे. हुद्दे निरनिराळे, मिळकत निरनिराळी. परंतु ह्या सर्वांच्या हाताखाली माणसे आहेत. मग ती चार असोत की चाळीस.

काम कसे करावे हे शाळेत आणि कारखान्यात शिकवितात. दुसऱ्याकडून काम कसे करवून घ्यावे हे मात्र फारसे कोणी शिकवीत नाही. म्हणून नवा मुकादम बहुधा आपल्या जुन्या मुकादमाची नक्कल करतो. ज्या तोऱ्याने त्याला वागविले गेले, त्याच तोऱ्याने तो इतरांना वागवितो आणि त्यालाच अधिकार समजतो. सासुरवास भोगलेली सून पुढे सासू झाली की कित्येकदा तेच करते, हे आपण घरोघरी पाहिलेले आहे.

हा विषय केवळ कारखान्याचा आहे असे कोणी समजू नये. दिवसभर टाकून बोललेला गडी संध्याकाळी घरी परततो तेव्हा तो अपमान उंबऱ्याबाहेर ठेवून येत नाही. त्याची झळ बायकोला लागते, मुलांना लागते. उलट, ज्याच्या कामाची कोणी कदर केली, तो घरी येताना निराळ्या चालीने येतो. चार माणसांवरचा माणूस अशा रीतीने चार घरांच्या सुखदुःखावर अधिकार चालवीत असतो. मग त्याला ते ठाऊक असो वा नसो.

हा अधिकार नीट कसा चालवावा? उपदेशाची सूत्रे पाठ करण्यापेक्षा ज्याने तो नीट चालविला त्याचे उदाहरण पाहणे आम्हांस अधिक उपयोगी वाटते. आणि तसे उदाहरण आपल्या बेळगाव भागातच घडलेले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे ते गृहस्थ होत.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेची ओढ होती म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण रंग ओळखण्यात डोळ्यांचा दोष आढळला आणि चित्रकार होण्याची वाट खुंटली. मग त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या धरली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथे बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी ती नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. बेळगावात त्यांच्या बंधूंच्या मदतीने १८८८ पासून सायकलींचे दुकान चाललेले होते. ज्या रस्त्यावर ते दुकान होते, त्या रस्त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात. आमच्या बेळगावच्या वाचकांच्या तो पायाखालचा आहे.

दुकानापाठोपाठ कारखाना आला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र निघाले आणि मग लोखंडी नांगर. परंतु लोखंडाने जमिनीत विष पसरते अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली! त्यातच बेळगावच्या नगरपालिकेला नवी वसाहत करण्यासाठी जागा हवी झाली आणि कारखाना हलविण्याची वेळ आली. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड ह्या लहानशा रेल्वे स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. जमीन कसली, ते निवडुंग आणि सापांचे माळरान होते. त्या माळावर १९१० साली जे गाव उभे राहिले तेच किर्लोस्करवाडी. आज ते सांगली जिल्ह्यात आहे.

येथवरची हकिकत पुष्कळांच्या कानांवर आलेली असेल. आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे ते दुसऱ्याच गोष्टीकडे. त्या माळावर लक्ष्मणरावांनी बरोबर कोणती माणसे घेतली?

शंभुराव जांभेकर हे शिक्षण अर्धवट सोडलेले गृहस्थ. यंत्राचे दुखणे ओळखून ते दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा पुढे वाडीत कोणी राहिला नाही. के. के. कुलकर्णी विद्यार्थिदशेत यशस्वी झाले नव्हते. लक्ष्मणरावांनी त्यांच्याकडे व्यवस्थापन दिले. कोर्टकचेरी, सरकारी अंमलदार, बाहेरच्या लोकांशी संबंध, हे सारे ते सांभाळू लागले. अनंतराव फळणीकर शाळा सोडलेले. ते कल्पक अभियंते ठरले. मंगेशराव रेगे हिशेबाला बसले. बंधू रामूअण्णांकडे वसाहतीची आखणी आणि कारभार आला. आणि वाडीच्या राखणीला कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. हे दोघेही पूर्वी तुरुंगाची शिक्षा भोगून आलेले होते.

वाचकांनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी. ज्यांना शाळेने नापास केले आणि ज्यांना जगाने गुन्हेगार ठरविले, त्यांच्या बळावर हा कारखाना उभा राहिला. गुणी माणसे आयती निवडून कारखाना थाटणारे पुष्कळ असतात. हाताशी असलेल्या माणसांतला गुण हुडकून त्याला काम देणारा विरळा. ज्याच्या हाताखाली माणसे आहेत त्याने शिकावयाचा पहिला धडा हाच होय. ‘माझ्याकडची माणसेच बेकार’, अशी तक्रार करणाऱ्या मुकादमाने प्रथम स्वतःस विचारावे की, ह्यातील प्रत्येकाला कोणते काम इतरांपेक्षा बरे येते हे मला सांगता येईल काय? हिशेबात चुकणारा गडी कदाचित गिऱ्हाइकाशी गोड बोलत असेल. भट्टीवर धांदल करणारा पोरगा पहाटे पाव पोहोचविण्यात एक दिवसही चुकत नसेल. बैल आणि घोडा यांना एकाच जुवाला जुंपून मग दोघांना चाबूक मारण्यात शहाणपण नाही.

दुसरा धडा विश्वासाचा. कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारण्याचा कायदा त्या काळी ह्या देशात होता. इंग्रज सरकारने तो १८७१ साली केलेला होता. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला दारात उभे करण्यासही लोक कचरत. अशा काळी लक्ष्मणरावांनी त्यांच्याच हाती राखणदारी दिली आणि ते दोघे वाडीचे विश्वासू पहारेकरी झाले. त्याचबरोबर वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही असा त्यांनी नियम घातला. माळरानावर आलेल्या कामगारांनी एकमेकांचा विटाळ धरला असता तर खांद्याला खांदा लावून लोखंड कोणी ओतले असते? माणसाला माणूस म्हणून वागविणे हा कामाला लावलेला दागिना नव्हे. काम त्याच्यावरच उभे असते.

ह्यावर कोणी म्हणेल, विश्वास टाकला की लोक सोकावतात, धाक हवाच. आम्ही शिस्तीच्या विरुद्ध नाही. परंतु धाकाने जे काम होते ते डोळ्यांसमोर होते आणि पाठ फिरली की थांबते. शिवाय धाकाचा एक मोठा तोटा असा की खरी बातमी वर पोहोचत नाही. मशीनचा पट्टा झिजला आहे, दूध नासले आहे, रुग्णाला चुकीची गोळी दिली गेली आहे, हे सांगण्याची ज्याला भीती वाटते तो ते झाकून ठेवतो. झाकलेली चूक वाढत जाते आणि शेवटी कोणाचा तरी हात जातो किंवा जीव जातो. हाताखालच्या माणसाने आपली चूक आपण होऊन येऊन सांगावी, इतका निर्भय जो त्याला करू शकतो, त्याचेच कामाच्या जागेवर खरे लक्ष आहे असे समजावे.

चुकीची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून भारताचे एस. एल. व्ही. ३ हे उपग्रह वाहून नेणारे यान प्रथमच सोडण्यात आले. त्या प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. अब्दुल कलाम आणि त्यांचे वरिष्ठ, म्हणजे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे अध्यक्ष, प्रा. सतीश धवन. दुसऱ्या टप्प्यात बिघाड झाला आणि यान बंगालच्या उपसागरात कोसळले. अनेक वर्षांचे श्रम काही मिनिटांत पाण्यात गेले. बाहेर पत्रकार जमले होते. त्या प्रसंगी कलामांना पुढे न करता धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले, अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली आणि आपल्या सहकाऱ्यांवर आपला विश्वास असल्याचे सांगितले.

वर्ष उलटण्यापूर्वीच, १८ जुलै १९८० रोजी, त्याच जातीच्या यानाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. पुन्हा पत्रकार जमले. ह्या वेळी धवन मागे राहिले आणि पत्रकारांशी बोलण्यास त्यांनी कलामांना पाठविले. पुढे २००२ साली राष्ट्रपती झालेल्या कलामांनी ही हकिकत अनेक ठिकाणी तरुणांना सांगितली. अपयश आले तेव्हा वरिष्ठाने ते आपल्या अंगावर घेतले आणि यश आले तेव्हा ते सहकाऱ्यांना देऊन टाकले, असा धडा आपण त्या दिवशी शिकलो, असे ते म्हणत.

आपल्याकडे बहुधा उलटे घडते. भिंत सरळ उभी राहिली तर ती ठेकेदाराने बांधली आणि वाकली तर गवंड्याने! एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. धवनांनी दोष आपल्याकडे घेतला म्हणून बिघाडाकडे काणाडोळा केला असे नव्हे. बिघाड कोठे झाला ह्याचा कसून शोध घेण्यात आला, म्हणून तर पुढचे यान वर गेले. बाहेरच्या माणसांसमोर आपल्या माणसाची पाठराखण करणे आणि आत दार लावून चुकीचा कसून तपास करणे ह्या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. चांगल्या घरात मुलांना तसेच वाढवितात.

आता रोजच्या व्यवहारातल्या काही लहान गोष्टी. काम सांगताना पुरते सांगावे: काय करावयाचे, केव्हापर्यंत आणि कशासाठी. ‘कशासाठी’ हे सांगण्यात पुष्कळांना कमीपणा वाटतो. परंतु कारण ठाऊक असलेला गडी अडचण आली की स्वतः मार्ग काढतो, आणि कारण ठाऊक नसलेला हात बांधून वाट पाहत बसतो. रागवावयाचे असल्यास एकांतात रागवावे, शाबासकी मात्र चारचौघांत द्यावी. मजुरीचा दिवस चुकवू नये. आपल्या सोयीसाठी थांबविलेले चार दिवस दुसऱ्याच्या चुलीवर मोजले जातात. स्वतः वेळेवर यावे. अवजड काम निघाले की एकदा तरी आपला हात लावावा. आणि जे काम आपल्याला कळत नाही ते जाणत्या मजुराकडून शिकून घेण्यात लाज मानू नये.

आपल्या गावांपुरता एक इशारा देणे जरूर आहे. कामाच्या जागी भाचा, पुतण्या, व्याह्याचा मुलगा हे येणारच. नातलगाला काम देणे हे पाप नव्हे. परंतु नातलगाला एक माप आणि परक्याला दुसरे, हे सुरू झाले की कामाची जागा आतून पोखरली जाते. उशिरा आलेल्या भाच्याला जो मामा सर्वांप्रमाणेच खाडा लावतो, त्याला घरी बहिणीचे दोन शब्द ऐकावे लागतील. परंतु उद्यापासून त्याची आज्ञा कोणी मोडणार नाही.

चांगल्या वरिष्ठाची शेवटची कसोटी अशी की, तो चार दिवस आजारी पडला तरी काम चालू राहते. ज्याच्यावाचून पान हलत नाही तो स्वतःला मोठा समजतो. वास्तविक त्याने हाताखालच्या कोणालाच मोठे होऊ दिलेले नसते. लक्ष्मणराव किर्लोस्कर २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्यांच्या मागे कारखाना बंद पडला नाही. किर्लोस्करवाडीत आजही काम चालू आहे.

ह्या आठवड्यात आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांनी एक करून पाहावे. त्यांपैकी ज्याच्यावर आपण सर्वांत अधिक चिडतो, त्याचा एक गुण शोधावा आणि त्या गुणाला साजेसे एखादे काम त्याच्यावर सोपवावे. काम सोपविल्यावर घटकाघटकाला मागे जाऊन पाहू नये. शनिवारी काय झाले ते पाहावे. दहांतल्या तीन ठिकाणी निराशा पदरी येईल, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. उरलेल्या सातांच्या घरी त्या संध्याकाळी दिवा जरा निराळा लागेल.